हायस्कूल आइस हॉकीतील ‘क्लास’ आणि ‘डिव्हिजन’: तुमच्या मुलाच्या आरोग्याशी त्यांचा काय संबंध?

अमेरिकेच्या थंड भागात, म्हणजे मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी घरांतली मुले आता शाळेच्या आइस हॉकी संघात दिसू लागली आहेत. आईवडिलांनी हा खेळ लहानपणी पाहिलेलाही नसतो. इकडे आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर कळते, की नातू ‘डबल ए’मध्ये खेळतो, किंवा शाळेने यंदा ‘वरच्या गटात’ जायचे ठरवले आहे. अभिनंदन तर करायचे असते, पण मनात प्रश्न असतो: समोरची मुले याच्यापेक्षा किती मोठी? याला लागणार तर नाही?

हा प्रश्न रास्त आहे. संघांचे गट कसे पाडले जातात हा नियमांचा विषय वाटला, तरी त्याचा थेट संबंध मुलाच्या सांध्यांशी, डोक्याशी, झोपेशी आणि मनाशी येतो. या लेखात गट कसे पडतात, त्यात शरीराच्या दृष्टीने काय सुटून जाते आणि पालक म्हणून तुम्ही काय विचारायला हवे, हे पाहू.

थोडक्यात

- ‘क्लास ए’, ‘डबल ए’, ‘डिव्हिजन १’ ही नावे मुख्यतः शाळेचा आकार सांगतात. तुमच्या मुलाची शारीरिक तयारी त्यावरून कळत नाही.
- सुरक्षिततेच्या दृष्टीने बाकावर किती खेळाडू आहेत, मुलाची वाढ कोणत्या टप्प्यावर आहे आणि अंगावर धडकण्याचे नियम किती काटेकोर पाळले जातात, या तीन गोष्टी गटाच्या नावापेक्षा महत्त्वाच्या आहेत.
- डोक्याला मार लागल्याची शंका आली, तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर उतरायचे नाही. सामना कोणत्याही गटाचा असो.

आधी खेळ समजून घेऊ

बर्फाच्या रिंकवर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्स आणि एक गोलकीपर. खेळ इतका दमवणारा आहे, की गोलकीपर सोडून बाकीचे साधारण पाऊण ते एक मिनिट जोर लावून खेळतात आणि बाकावर परत येतात. त्यांच्या जागी दुसरी तुकडी उतरते. या पाळीला ‘शिफ्ट’ म्हणतात आणि एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डच्या तुकडीला ‘लाइन’.

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, साधारण १४ ते १८ वर्षांची मुले. शाळेच्या मुख्य संघाला ‘व्हर्सिटी’ म्हणतात आणि त्याखालच्या, शिकणाऱ्या खेळाडूंच्या संघाला ‘ज्युनियर व्हर्सिटी’ किंवा ‘जेव्ही’. एखाद्या लहान शाळेत १४ वर्षांचा नवखा मुलगा आणि १८ वर्षांचा दाढी आलेला मुलगा एकाच व्हर्सिटी संघात असू शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

शाळांचे गट कसे पाडतात?

प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना आपले नियम ठरवते. पद्धती साधारण चार आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे मिश्रण असते.

*१. पटसंख्येनुसार.* शाळेत विद्यार्थी किती, यावरून गट ठरतो. मिशिगनमध्ये मुलांच्या आइस हॉकीचे असे तीन डिव्हिजन आहेत. मिनेसोटात मोठ्या शाळा ‘क्लास डबल ए’मध्ये आणि उरलेल्या ‘क्लास ए’मध्ये असतात. यामागचा विचार साधा आहे: ज्या शाळेत मुले जास्त, तिला चांगले खेळाडू निवडायला वाव जास्त.

*२. शाळांचा एकत्रित संघ.* लहान गावांत एका शाळेला संघापुरती मुले मिळत नाहीत. तेव्हा दोन-तीन शाळा मिळून एक संघ करतात. गट ठरवताना या शाळांचा पट एकत्र धरला जातो. मुलींच्या हॉकीत असे संघ बरेच दिसतात.

*३. कामगिरीनुसार.* मॅसॅच्युसेट्सने २०२१-२२ पासून राज्यस्तरीय स्पर्धेसाठी ‘पॉवर रेटिंग’ आणले. संघ किती गोलांच्या फरकाने जिंकला किंवा हरला आणि समोरचा संघ किती ताकदीचा होता, यांची सांगड घालून क्रम लावला जातो. गोलफरकाला ठरावीक मर्यादेपलीकडे गुण मिळत नाहीत. डॉक्टरच्या नजरेने ही मर्यादा चांगली आहे, कारण हरलेल्या संघावर आणखी गोल चढवत राहण्याचे कारणच उरत नाही.

*४. आपणहून वरच्या गटात जाणे.* पटाने लहान पण खेळात तगडी असलेली शाळा मोठ्या गटात खेळण्याचा निर्णय घेऊ शकते. मिनेसोटात याची मोठी परंपरा आहे.

मिनेसोटात काय घडले?

मिनेसोटाची राज्य शालेय हॉकी स्पर्धा १९४५ मध्ये सुरू झाली, तेव्हा सगळ्या शाळांना एकच गट होता. पहिले विजेतेपद एव्हलेथ या खाणकामगारांच्या छोट्या गावाने जिंकले. लहान गावाने मोठ्या शहराला हरवायचे, यातच त्या स्पर्धेची गोडी आहे असे तिथल्या लोकांना वाटे. त्यामुळे गट पाडायला बरीच वर्षे विरोध राहिला.

१९९२ आणि १९९३ ही दोन वर्षे स्पर्धा ताकदीनुसार दोन श्रेणींत खेळवली गेली. १९९४ पासून पटसंख्येवर आधारित ‘डबल ए’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग आले. पुढे पट मोजताना मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळणाऱ्या विद्यार्थ्यांचा काही हिस्सा वजा करण्याची तरतूद झाली. हॉकी हा महागडा खेळ आहे. स्केट, पॅड, रिंकचे भाडे यांचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. कागदावर २,००० विद्यार्थी असले, तरी त्यातले बर्फावर उतरू शकणारे किती, हा प्रश्न या तरतुदीने मान्य केला.

तरीही पटावरून ताकद नेमकी कळत नाही. सेंट थॉमस अकॅडमी ही खासगी शाळा ‘क्लास ए’मध्ये २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे विजेती ठरली. त्यानंतर ती ‘डबल ए’मध्ये गेली. उलट कॅनडाच्या सीमेजवळचे रोझो हे ३,००० हून कमी वस्तीचे गाव. तिथल्या शाळेने मोठ्या गटात खेळून १९९९ आणि २००७ मध्ये ‘डबल ए’चे विजेतेपद मिळवले. त्या गावात मूल चालायला लागले की स्केट बांधते, असे म्हटले तरी चालेल.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. गट पाडणारे लोक शाळांची तुलना करतात. तुमचा मुलगा आणि त्याच्या अंगावर येणारा समोरचा मुलगा यांची तुलना कोणी केलेली नसते. ते काम तुम्हाला, प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना मिळून करावे लागते.

शरीराच्या दृष्टीने ‘बरोबरीचा सामना’ म्हणजे काय?

*पहिली बाब: बाकावर किती खेळाडू आहेत?*

मिनेसोटात हायस्कूलचा सामना १७ मिनिटांच्या तीन पीरियडचा, म्हणजे ५१ मिनिटांचा असतो. मोठ्या शाळेकडे तीन लाइन असतील, तर एका फॉरवर्डच्या वाट्याला साधारण १७ मिनिटे येतात. लहान शाळेकडे दोनच लाइन असतील, तर त्याच मुलाला साडेपंचवीस मिनिटे खेळावे लागते. म्हणजे दीडपट. शिवाय दोन शिफ्टमधली विश्रांती निम्म्यावर येते.

थकलेल्या स्नायूंचा सांध्यांवरचा ताबा सुटतो. मुलगा गुडघे वाकवून, मान वर ठेवून खेळण्याऐवजी ताठ उभा राहतो, खाली पाहत स्केटिंग करतो आणि समोरून येणारी धडक त्याला उशिरा दिसते. जांघेचे स्नायू ताणले जाणे ही हॉकीत नेहमी आढळणारी तक्रार आहे आणि थकव्यात ती बळावते. म्हणून लहान शाळा वरच्या गटात जाते, तेव्हा मी पहिला प्रश्न ‘समोर कोण आहे’ हा विचारणार नाही. ‘आपल्याकडे लाइन किती आहेत’ हे विचारेन.

*दुसरी बाब: मुलाची वाढ कोणत्या टप्प्यावर आहे?*

मुलांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण १३ ते १४ वर्षांच्या सुमारास येतो, पण कोणाला तो १२ व्या वर्षीच येतो तर कोणाला १६ व्या. त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या शरीरांत काही वर्षांचे अंतर असू शकते. या वेगवान काळात उंची आधी वाढते. हाडांची घनता आणि स्नायूंची ताकद मागाहून येते. हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट, अजून कठीण झालेली नसते. मूल उंच दिसते म्हणून तयार झाले, असे समजू नका.

वजनाचे गणितही पाहा. ५० किलोचा मुलगा आणि ८० किलोचा मुलगा समोरासमोर धडकले, तर दोघांवर बल सारखेच लागते. पण हलक्या मुलाच्या वेगात होणारा बदल १.६ पट जास्त असतो. मेंदूला इजा होते ती डोक्याच्या वेगात अचानक झालेल्या बदलामुळे. म्हणून अशा धडकेत हलक्या मुलाला जास्त धोका असतो.

*तिसरी बाब: सामना एकतर्फी होतो आहे का?*

दहा-बारा गोलांनी हरणे एखाद्या वेळी होते. मुले ते विसरतात. पण आठवड्यामागून आठवडा तेच होत राहिले, तर गोलकीपर मुलाची किंवा मुलीची काय अवस्था होते, याचा विचार करा. सामना हातातून गेला की चिडून केलेल्या धडका वाढू शकतात. काही राज्यांत मोठा गोलफरक झाला, की घड्याळ मध्ये न थांबवता सामना लवकर संपवला जातो. त्याचा हेतू हाच आहे.

मनावरचा ताण शरीरातून बोलतो. सामन्याच्या दिवशी सकाळी पोट दुखणे, झोप न लागणे, भूक मंदावणे, ‘मला जायचे नाही’ असे स्पष्ट न म्हणता रोज नवे दुखणे सांगणे, ही लक्षणे दिसली तर रागावू नका, विचारा.

कुस्तीसारखे वजनगट का नाहीत?

आपल्याकडे कुस्तीत वजनानुसार गट असतात, मग इथे का नाहीत, असे आजोबा विचारतात. कुस्ती एकाची एकाशी असते. आइस हॉकी सांघिक आहे आणि एका शाळेतून २० मुले मिळतानाच मारामार असते. त्यातही वजनाचे गट पाडले, तर बहुतेक शाळांचा संघच उभा राहणार नाही. म्हणून वजनातली तफावत गटाऐवजी नियमांनी सांभाळावी लागते. त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम बॉडी चेकिंगचा.

बॉडी चेकिंग: इथे जास्त लक्ष द्या

पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने किंवा अंगाने धडक देऊन पकपासून दूर करणे, याला बॉडी चेकिंग म्हणतात. मुलांच्या हायस्कूल हॉकीत ते नियमात बसते. मुलींच्या हॉकीत त्याला परवानगी नाही.

यावर कॅनडात चांगला अभ्यास झाला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना केली गेली. अल्बर्टा प्रांतात त्या वयात चेकिंगला परवानगी होती, क्युबेकमध्ये नव्हती. अल्बर्टातील मुलांमध्ये दुखापतींचे प्रमाण तिपटीहून अधिक आढळले. त्यानंतर यूएसए हॉकीने २०११ पासून आणि हॉकी कॅनडाने २०१३ पासून ११-१२ वर्षांच्या गटात चेकिंग बंद केले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सल्ला दिला, की चेकिंग फक्त सर्वोच्च स्पर्धात्मक पातळीवर असावे आणि १५ वर्षांच्या आधी असू नये.

आता हायस्कूलकडे पाहा. नववीतला मुलगा १४ वर्षांचा असू शकतो आणि शाळेच्या संघात त्याच्यावर १८ वर्षांचा मुलगा नियमात राहूनच धडकू शकतो. सल्ला आणि प्रत्यक्ष यांत हे अंतर आहे. गट ‘ए’ असो वा ‘डबल ए’, ते अंतर गटाने भरून निघत नाही.

खालच्या पातळीवर खेळले की धोका टळला, असेही नाही. डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटात एका १६ वर्षांच्या खेळाडूला मागून धडक बसून मणक्याला इजा झाली आणि त्याला पक्षाघात झाला. तो सामना जेव्हीचा होता. त्यानंतर काही आठवड्यांतच राज्य संघटनेने मागून धडकणे, कडेच्या फळीवर आपटणे आणि डोक्याला धडक देणे यांसाठी थेट पाच मिनिटांची मोठी शिक्षा लागू केली. नियम कडक झाले, पण ते पाळून घेणारे पंच आणि शिकवणारे प्रशिक्षक लागतातच.

व्हर्सिटी की जेव्ही? घाई करू नका

नववीतच व्हर्सिटीत निवड झाली, की घरात पेढे वाटले जातात. आनंद नक्की करा. पण निर्णयापूर्वी सीझनच्या आधीच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा: याच्या वाढीचा टप्पा पाहता मोठ्या मुलांशी धडकत खेळणे आत्ता योग्य आहे का? डॉक्टर उंची-वजनाचा आलेख पाहतात, वयात येण्याची लक्षणे तपासतात, आधीच्या दुखापती विचारतात. गेल्या वर्षभरात उंची ८-१० सेंटिमीटरने वाढली असेल, तर मूल वेगवान वाढीच्या ऐन काळात आहे असे समजावे.

एक वर्ष जेव्हीत खेळणे म्हणजे मागे पडणे नव्हे. जेव्हीत त्याला जास्त वेळ पकशी खेळायला मिळते. धडक कशी घ्यायची, फळीजवळ कसे उभे राहायचे हे तो त्याच्याच ताकदीच्या मुलांसोबत शिकतो.

शाळेला आणि प्रशिक्षकांना काय विचाराल?

प्रश्न विचारणे म्हणजे तक्रार करणे नव्हे. सीझनपूर्वीच्या पालकसभेत शांतपणे हे विचारा:

1. यंदा आपण कोणत्या गटात आहोत? पटामुळे की आपणहून वर गेलो म्हणून?
2. संघात एकूण खेळाडू किती आणि लाइन किती? कोणी जखमी झाले तर काय करणार?
3. १४-१५ वर्षांच्या खेळाडूंना व्हर्सिटीत घेताना वाढीचा विचार होतो का?
4. धडक देण्याचे आणि घेण्याचे तंत्र सरावात वेगळे शिकवले जाते का?
5. सराव आणि सामन्याला ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो का?
6. डोक्याला मार लागल्यास शाळेची लेखी पद्धत काय आहे आणि परत खेळण्याची परवानगी कोण देते?

दुसऱ्या आणि सहाव्या प्रश्नाची उत्तरे गुळमुळीत आली, तर पुन्हा विचारा.

डोक्याला मार: हे पाठ असू द्या

कन्कशन म्हणजे धक्क्याने मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड होणे. बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही, बहुतेक मुले पडत नाहीत. हेल्मेटमुळे कवटी फुटण्यापासून आणि चेहऱ्याच्या इजेपासून बचाव होतो, पण कन्कशन पूर्णपणे टळत नाही.

*लक्ष ठेवायची लक्षणे:* डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अंधुक दिसणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे, एकच गोष्ट पुन्हा विचारणे, स्कोअर न आठवणे, सुस्ती, चिडचिड, झोपेत बदल. काही लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसतात.

*लगेच आपत्कालीन सेवा बोलवा, अमेरिका आणि कॅनडात ९११:* वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका येणे, बोलणे जड होणे, हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या असमान दिसणे, जागे करणे कठीण जाणे, गोंधळ वाढत जाणे, बेशुद्धी. मानेत दुखत असेल तर मुलाला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका.

*परत खेळणे:* पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे अंथरुणाला खिळून राहणे नव्हे तर हलकी, रोजची कामे आणि स्क्रीन कमी. आधी शाळेत नीट बसता आले पाहिजे, मग खेळ. हलका व्यायाम, मग एकट्याने स्केटिंग, मग धडकेशिवाय सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर धडकेचा सराव आणि शेवटी सामना अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावेत. लक्षणे वाढली तर थांबून मागच्या पायरीवर या.

बाकावर दोनच लाइन असलेल्या संघात ‘मी ठीक आहे’ असे मूल पटकन म्हणते, कारण आपण बसलो तर मित्रांना जास्त खेळावे लागेल हे त्याला माहीत असते. म्हणून लहान संघातल्या पालकांनी हा नियम घरी आधीच बोलून ठेवावा. लपवलेस तर रागावू, सांगितलेस तर कधीच रागावणार नाही, इतके साधे.

सीझनमध्ये घरी काय सांभाळाल?

- *झोप:* किशोरवयात ८ ते १० तास. दूरच्या गावाचा सामना संपवून बस रात्री उशिरा परतली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लवकर झोपवा.
- *खाणे:* सरावापूर्वी पोळी-भाजी, भात-वरण, उपमा असे नेहमीचे अन्न चालते. सरावानंतर तासाभरात दूध, दही, अंडी, पनीर, डाळ, उसळ यांपैकी काही द्या.
- *पाणी:* थंडीत तहान कळत नाही, पण पॅडच्या आत घाम भरपूर येतो.
- *ड जीवनसत्त्व:* उत्तरेकडच्या हिवाळ्यात ऊन कमी आणि सावळी त्वचा यामुळे आपल्या मुलांमध्ये ते कमी असू शकते. तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा, मनाने मोठे डोस देऊ नका.
- *दुखणे:* दोन आठवड्यांहून जास्त टिकणारे गुडघ्याचे, जांघेचे किंवा पाठीचे दुखणे दाखवून घ्या. लंगडत असेल तर लगेच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नातू ‘क्लास ए’मध्ये आहे, म्हणजे तो कमी दर्जाचा खेळाडू आहे का?*
नाही. त्याची शाळा लहान आहे इतकाच त्याचा अर्थ. खेळाडूचा दर्जा गटावरून ठरत नाही.

*शाळेने वरच्या गटात जायचे ठरवले. आम्ही मुलाला काढून घ्यावे का?*
लगेच नाही. खेळाडूंची संख्या, मुलाच्या वाढीचा टप्पा आणि आधीच्या दुखापती पाहा. तिन्ही ठीक असतील तर खेळू द्या. पूर्वी एकापेक्षा जास्त कन्कशन झाले असतील, तर आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

*वजन वाढवण्यासाठी पावडर द्यावी का?*
बहुतेक मुलांना नेहमीच्या आहारातून पुरेसे प्रथिन मिळते. समोरची मुले मोठी आहेत म्हणून घाईने वजन चढवणे उपयोगाचे नाही. इंटरनेटवरून मागवलेली ‘मसल’ वाढवणारी औषधे अजिबात नकोत.

*मुलीला खेळू द्यावे का? चेकिंग नाही म्हणजे धोका नाही ना?*
जरूर खेळू द्या. मात्र चेकिंग नसले तरी चुकून होणाऱ्या धडका, पडणे आणि फळीवर आपटणे असतेच. मुलींनाही कन्कशन होते, तेव्हा वरचे सर्व नियम तसेच लागू आहेत. एकत्रित संघात सरावासाठी दुसऱ्या गावी जावे लागत असेल, तर प्रवास, झोप आणि जेवणाच्या वेळा यांचे वेळापत्रक आधी बसवा.

शेवटी

गट पाडणारी समिती शाळांचा पट पाहते, निकाल पाहते आणि शक्य तितकी बरोबरी साधते. ते काम अवघड आहे आणि दर काही वर्षांनी ते नव्याने करावे लागते. पण तुमच्या मुलाची उंची गेल्या वर्षभरात किती वाढली, मागच्या हिवाळ्यात त्याला कुठे लागले होते, रात्री तो नीट झोपतो का, हे त्या समितीला माहीत नसते. ते तुम्हाला माहीत असते. सीझनच्या तपासणीला जाताना ही माहिती कागदावर लिहून न्या, प्रशिक्षकांनाही सांगा, आणि मग निर्धास्तपणे स्टँडमध्ये बसून ओरडा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या तपासणीची आणि उपचाराची जागा तो घेऊ शकत नाही. शंका असल्यास मुलाच्या डॉक्टरांशी बोला.*